टाकीच्या दांडीचा वरचा वाटा

३ मार्च १९९७, सोमवार
आधा-आधा म्हणे! नवी रंगाची टाकी उभ्या दांडीला धरायची. दांडी आठ फुटी, सगळीकडे एकच जाडी. वर गर्डरला पकड, खाली फरशीत टेकू. टाकी वरून दोन फुटांवर. भरली की आठशे किलो. ललितभाई मिलचे इंजिनिअर, शेठचे भाचे, वय सव्वीस. "दो जगह टिका है मिस्त्री, तो चारसौ ऊपर, चारसौ नीचे." मी म्हटलं, वर जास्त येणार. "कितना ज़्यादा?"
आकडा नव्हता माझ्याकडे. वरची पकड पाचशे किलोच पेलते. आणि खाली रंगखात्यातला चिंधा उभा राहून रंग घोटणार.

४ मार्च
इंग्रजी पुस्तक, जुन्या बाजारातलं. एका पानाला दोन तास. ही म्हणाली, "परीक्षा कधी आहे तुमची?"

५ मार्च
तीनदा चुकलं. वरचा आणि खालचा वाटा मिळून आठशे, इथवर कुणीही येईल. पुढे कसं जायचं? दहावी नापास माणसानं या फंदात पडू नये, असं स्वतःच लिहितोय. खोडत नाही.

६ मार्च, गुरुवार
सापडलं. टेकू काढून टाकायचा — मनातल्या मनात. दांडी लांबते ती वजन गुणिले फूट या हिशेबानं. टाकी वरच्या दोनच फुटांना ताणते: आठशे गुणिले दोन. खालचे सहा फूट नुसते लोंबतात. आता टोक खालून ढकलून होतं तिथं परत आणायचं. हा जोर मात्र अख्ख्या आठ फुटांना दाबतो. म्हणून सोळाशे भागिले आठ. टेकूला दोनशे, पकडीला सहाशे. दोन सोपी गणितं, एकावर एक ठेवली.
ललितभाईंनी कागद दोनदा पाहिला. "ये तो हमको भी पढ़ाया था." शिकवलं होतं तर सोमवारी कुठं गेलं होतं? सातशेची पकड मागितली, मिळाली.

८ मार्च
माझ्या हाताखालच्या लोटूनं दांडी बसवली. मी वरची पकड स्वतः आवळली. टाकी भरली.

१० मार्च, सोमवार
चहाला लोटू सहज बोलला, "खाले अर्धा सूत सोडेल शे, नेहमीनागत. तुम्हीच शिकाडेल शे ना." अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तेवढी फट; वाफेच्या पाइपाला सोडतो तशी. गरम लोखंड वाढतं, जागा ठेवा — बारा वर्षं माझंच सांगणं.
पण ही दांडी थंड. टाकीच्या वजनानं ती कागदाइतकीही लांबत नाही. अर्धा सूत कसला भरतोय! टेकूला ती टेकलेलीच नाही. आठशेच्या आठशे वर. सातशेच्या पकडीवर.
टाकी उपसायला लावली. ललितभाईंना ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. खाली वाकून पाहायला हवं होतं.

११ मार्च
चिंधा दोन दिवस त्या टाकीखाली उभा होता. त्याला अजून सांगितलेलं नाही.