घाटोळे साहेब सुदानला गेले

१७ जानेवारी १९७९, बुधवार. सकाळ.

एका सभ्य, कर भरणाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा गृहस्थाच्या घरी एकाच वेळी अकरा नारळ असावेत, हा अन्याय आहे. त्याची दाद कोणत्या कोर्टात मागायची ते घटनेत कुठेही लिहिलेले नाही.

शुक्रवारी ऑफिसने माझा निरोप समारंभ केला. शाल एक, सूटकेस एक, नारळ अकरा. प्रत्येक सेक्शनला आपापला नारळ वेगळा द्यायचा होता. नागपुरात नारळाचे करतात काय? देवापुढे फोडतात आणि विसरतात. आमची प्रेमिला विसरणाऱ्यांतली नाही. शुक्रवारपासून वरणात खोबरे, वांग्यात खोबरे, पोह्यांत खोबरे. काल चहाकडेही मी संशयाने पाहिले.

पुढे सुदानमध्ये वाचताना गोंधळ नको म्हणून हकिकत लिहून ठेवतो. मी कृष्णकांत घाटोळे, वय सेहेचाळीस, कापसाचा ग्रेडर. रुई चिमटीत ओढून तंतूची लांबी सांगतो. असा माणूस सुदान देशाला हवा आहे. मुंबईच्या एका एजंटामार्फत दोन वर्षांची नोकरी मिळाली. पासपोर्ट व्हिसासाठी दिल्लीला वकिलातीत गेला आहे. ऑफिसने बिनपगारी रजा दिली, अट एकच: ३१ मार्चच्या आत देश सोडायचा. नाही तर रजा रद्द, आणि ज्यांनी शाल घातली त्यांच्यातच परत येऊन स्टुलावर बसायचे. ती वेळ येणार नाही. व्हिसा आठ दिवसांत येतो. समारंभ जरा आधी झाला, पण हेडक्लार्क वामनरावांना हॉल फुकट मिळत होता.

संकल्प: रोज अरबीचे दहा शब्द. खोबरे बंद.

२४ जानेवारी, बुधवार.

व्हिसा नाही. अरबीचे शब्द तीन, त्यातला एक बहुधा फारसी. खोबरे चालू.

पानठेल्यावर वामनराव भेटले. काहून गा घाटोळे, गेला नाही अजून? मी म्हणालो, फ्लाइटचं पाहून राहिलो. ते म्हणाले, फ्लाइट भेटत नसन तर बैलबंडी जुंप, शाल आहेच पांघराले. ठेल्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. पान घ्यायचे राहिले.

दुपारी २. सोनेगावच्या विमानतळावर विमान उतरले. आमच्या प्रताप नगरात ते अगदी कौलांवरून जाते. माझे पेन पडले म्हणून मी पलंगाखाली वाकलो. प्रेमिला म्हणाली, पेन तं तुमच्या कानावर आहे. मग म्हणाली, विमानाचं भेव लागते काय तुमाले? मी तिला शांतपणे विज्ञान समजावले. विमानाला दोन इंजिने असतात. एक बंद पडले तर दुसरे असते. ती म्हणाली, अन् दुसरं? प्रश्न अडाणीपणाचा आहे. संध्याकाळपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

५ फेब्रुवारी, सोमवार. गाडीत.

एजंटाची तार: पिवळ्या तापाचे इंजेक्शन घ्यायला मुंबईला या. चार दिवसांचा प्रश्न. दुसरी पिशवी फाटली होती म्हणून समारंभाची सूटकेस घेतली.

स्टेशनवर वामनराव आणि ऑफिसचे आठ जण. हार घेऊन. यांना कोणी कळवले? (तिकिटाच्या रांगेत कोणाशी तरी बोललो खरा, पण फक्त ‘निघालो’ एवढेच.) सांगणार होतो की इंजेक्शनला चाललो आहे. पण गळ्यात झेंडूचा हार असताना इंजेक्शन हा शब्द तोंडातून निघत नाही. कोणीही करून पाहावे. गाडी हलली. मी हात हलवला. वामनरावांचे डोळे ओले दिसले. त्यांना मोतीबिंदूही आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.

परत. इंजेक्शन झाले. चक्कर वगैरे काही आली नाही. खुर्ची जवळ होती म्हणून बसलो. जमीन त्याहून जवळ होती, म्हणून नंतर तिथे बसलो.

मोठ्या स्टेशनवर कोणी पाहिले असते तर? चार दिवसांत सुदान करून आलेला माणूस अशी ख्याती झाली असती. सुदैवाने एक स्टेशन अलीकडे, अजनीला, गाडी सिग्नलला थांबली. उलट्या बाजूने उतरलो. मफलर नाकापर्यंत. सूटकेस डोक्यावर, म्हणजे हमाल वाटावा. दोन कुत्र्यांना वाटला नाही.

निर्णय: व्हिसा हातात पडेपर्यंत मी सुदानला गेलेलो आहे.

प्रेमिलाला सूचना दिल्या. कोणीही आले तरी एकच उत्तर. ती म्हणाली, खोटं बोलाले मले जमत नाही. मी सांगितले, हे खोटे नाही. आठ दिवसांनी जे खरे होणार ते आजच सांगून ठेवायचे. ती म्हणाली, आठ दिवसांनी, जानेवारीपासून.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.

आतल्या खोलीत आठ दिवस. व्यवस्था उत्तम आहे. फक्त शिंकता येत नाही.

शेजारच्या सिंधूताई रोज अकराला येतात, एकट्या पडलेल्या प्रेमिलाला धीर द्यायला. धीर एक वाजेपर्यंत पुरतो. मी दाराआड उशी तोंडावर धरून उभा असतो. आज त्यांनी विचारले, काहून वं प्रेमिला, भाऊजी तं गेले, मंग त्यायची बनियन रोज दोरीवर काहून दिसते? प्रेमिला म्हणाली, पेटीत वास येते म्हणून धुवून ठेवतो, मावशी. सिंधूताई म्हणाल्या, रोज? प्रेमिला म्हणाली, लय वास येते.

खोटे बोलायला जमत नाही म्हणणाऱ्या बाईची ही तयारी. आणि ही बनियनची बदनामी गरज नसताना.

२६ फेब्रुवारी, सोमवार.

एजंटाचे पत्र. व्हिसा शेवटच्या टप्प्यात. पासपोर्ट वकिलातीकडून थेट माझ्या पत्त्यावर रजिस्टरने येईल. कळवण्यास आनंद होतो वगैरे.

मलाही झाला. आनंदाने सकाळपासून पाच वेळा संडासात जावे लागले. हे पिवळ्या तापाच्या लशीचे उशिरा दिसणारे परिणाम असावेत. डॉक्टरला विचारता येत नाही, कारण मी सुदानमध्ये आहे.

सुदानमध्ये मी खोली कोणाबरोबर घेणार? भाकरी कोण टाकेल? तिथे आजारी पडलो तर पोटात कुठे दुखते ते कोणत्या भाषेत सांगायचे? हे सगळे प्रश्न प्रेमिलाच्या काळजीपोटी मनात येतात. ती विचारत नाही, म्हणून मला विचारावे लागतात.

५ मार्च, सोमवार. दुपारी.

प्रेमिला सकाळच्या एसटीने नरखेडकडे, भावाच्या घरी बारशाला. उद्या येईल. मीच सांगितले की दाराला बाहेरून कुलूप लाव, म्हणजे संशय नको.

साडेअकराला दाढी करत होतो. सायकलची घंटी. रुपराव पोस्टमन. दाराशी येऊन हाक मारली, घाटोळे साहेब, रजिस्टर आहे, दिल्लीचं. पुन्हा एकदा हाक मारली. मी दारापाशी गेलो. त्याच्यामाझ्यात सागवानाची एक फळी होती.

सिंधूताई बाहेर आल्याच. म्हणाल्या, काहून ओरडून राहिला गा, साहेब सुदानले गेले. रुपराव म्हणाला, अन् बाई? बाई बारशाले. रुपराव म्हणाला, सही लागते मावशी. सिंधूताई म्हणाल्या, मंग सुदानले घेऊन जा.

मी आवाज का दिला नाही, त्याची कारणे इथे नोंदवतो. एक, तोंडाला साबण होता. दोन, बंद घरातून सुदानला गेलेल्या माणसाचा आवाज आला असता तर सिंधूताईंच्या जिवाला धोका होता. वय साठ, बीपी. तीन, कुलूप बाहेरून होते, सही केली असती कुठून? (खिडकी आहे. गज आहेत. पेन आणि हात जातो. पण ऐनवेळी सुचले नाही.)

रुपराव थोडा वेळ थांबला. मग घंटी वाजली.

काळजीचे कारण नाही. पाकीट पोस्टात सुरक्षित आहे. उद्या जाऊन आणतो.

नंतर पलंगावर टेकलो तो थेट साडेचारला उठलो. महिनाभरात अशी झोप लागली नव्हती. हे का लिहिले कळत नाही.

६ मार्च, मंगळवार.

प्रेमिला आली. माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला. अर्धी दाढी झाली होती, अर्धी तशीच. मी म्हणालो, ब्लेड बोथट. ती म्हणाली, कालपासून?

रजिस्टरचे तिला सांगितले नाही. पासपोर्ट एकदम हातात ठेवून चकित करायचे आहे.

पोस्टात उद्या.

९ मार्च, शुक्रवार.

बुधवारी सिंधूताई पापड वाळत घालून अंगणातच बसल्या. काल वामनराव सायकलवरून गल्लीतून गेले, कारण नसताना. आज मंडईचा दिवस, रस्त्याला गर्दी. पोस्टात सोमवारी नक्की. मफलर काढून ठेवला आहे.

एकतीस तारखेला अजून बावीस दिवस आहेत. भरपूर.

१६ मार्च, शुक्रवार.

गेलो. पोस्टातला कारकून मान वर न करता म्हणाला, सात दिवस ठेवतो, मंग वापस. शेरा काय लिहिला विचारले. त्याने नोंदवही माझ्याकडे फिरवून दाखवली: ‘घेणारा परदेशी गेला.’

मी म्हणालो, मीच तो घेणारा. तो म्हणाला, मंग परदेशात जाऊन तक्रार करा, इथं काहून आले?

घरी येताना मफलर पुन्हा नाकापर्यंत ओढला. अर्थात संतापाने.

एजंटाला पत्र टाकले: पासपोर्ट वकिलातीकडून पुन्हा मागवावा, टपाल खात्याचा बेजबाबदारपणा.

२९ मार्च, गुरुवार. दुपारी.

प्रेमिला बाजारात. बाहेरून कुलूप. साडेअकराला घंटी वाजली. हाक कोणी मारली नाही. दाराखालून एक पाकीट हळूच आत आले आणि माझ्या अंगठ्याला लागून थांबले.

एजंटाचे. इंग्रजीत. मराठीत असे: आपला पासपोर्ट टपाल खात्याच्या शेऱ्यासह वकिलातीत आणि तिथून आमच्याकडे परत आला. त्यावरून, आणि आपले पत्र निघण्यापूर्वीचे धरून, आपण अन्य मार्गाने परदेशी रवाना झाल्याचे समजले. अभिनंदन. सुदानच्या जागी अकोल्याचे एक गृहस्थ रवाना करण्यात आले आहेत. आपला पासपोर्ट, आपण भारतात परत आल्यावर, आमच्या कचेरीतून घेऊन जावा.

चार वेळा वाचले. प्रत्येक वेळी तेच होते.

संध्याकाळी.

प्रेमिलाला वाचून दाखवले. रजिस्टरचेही सांगितले. साबण, सिंधूताईंचे बीपी, कुलूप, सगळे. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, खिडकी होती न.

ती म्हणाली, भेव लागलं होतं तं सांगाचं होतं मले. मी काय तुमचं ऑफिस आहो, शाल द्याले?

भेव वगैरे काही नव्हते. तिला समजावणार होतो. ती मेथीच्या काड्या टाकायला बाहेर गेली, आणि जाताना दार सताड उघडे ठेवून गेली.

२ एप्रिल, सोमवार.

ऑफिस. वीस हसऱ्या तोंडांची तयारी करून गेलो. उत्तरेही तीन तयार होती. 

कोणी हसले नाही. माझ्या स्टुलावर अनंत होता, माझ्या हाताखालचा पोरगा. तो उठला आणि त्याने रुमालाने स्टूल पुसले. हसले असते तर बरे झाले असते.

वामनराव म्हणाले, बरं झालं आला. या अनंतानं चांगला माल खराबात टाकला, व्यापारी बोंबलून राहिले. मी टेबलावरची रुई उचलली, चिमटीत ओढली. पंचवीस मिलिमीटर. बरोबर सांगितली. वामनराव जाता जाता कानाशी म्हणाले, रिटायरमेंटले शाल मागू नको गा. तुयी झाली.

घरी येताना सिंधूताई अंगणात होत्या. मला पाहून पदर सावरला आणि म्हणाल्या, आले काय भाऊजी, तब्येत सुधारली तिकडं. त्यांना माहीत होते की नव्हते, ते चेहऱ्यावरून कळले नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आजपुरती.

४ एप्रिल, बुधवार.

ऑफिसला निघालो तर कोपऱ्यावर रुपराव. सायकलवरून उतरला. म्हणाला, साहेब, ते मुंबईचं पाकीट बैरंग होतं. तिकीट कमी लावलं होतं त्यायनं. दंड मी भरला, साठ पैसे. हाक मारली असती तं तुमी काही उघडलं नसतं.

मी विचारले, मी घरात आहे हे तुला माहीत होतं?

तो म्हणाला, दाराखालून पाय दिसून राहिले होते न. रजिस्टरच्या दिवशीबी दिसले. म्हणून शेरा लगेच नाही टाकला. सात दिवस ठेवलं पोस्टात. म्हटलं, येतील साहेब.

साबणाचे सांगणार होतो. सांगितले नाही.

पन्नास पैशांचे एक नाणे, दहाचे एक, त्याच्या हातावर ठेवले. त्याने न पाहता खिशात टाकले. मी पावती मागितली नाही.