मला जशी आहे तशी मूठमाती द्यावी

मी, मिरियम अपोंदी, दिवंगत झखारिया ओगोला यांची विधवा, वय अडुसष्ट, धंदा सुक्या ओमेना मासळीचा, राहणार न्यामागा, सरोवराकाठ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. ते शाबूत नाही असे माझे दीर नाफ्ताली म्हणतात. पण त्यांच्याशी घरोबा करायला मी नाही म्हटले, तेव्हापासून ते तसेच म्हणत आले आहेत. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा एलिशा ओमोंदी याला द्यावे. घरावरचे पत्रे कोणी घातले हे त्याने विसरू नये. नवरा गेल्यावर मी दिराला वारस म्हणून, म्हणजे नवऱ्याच्या जागी, घरात घेतले नाही. अशा विधवेच्या छपराला कोणी हात लावायचा नाही, लावला तर अंग झिजत जाण्याचा शाप लागतो, असा आमचा रिवाज. गवताचे छप्पर गळत राहिले. रात्री पाणी जिथे पडत नसेल तिथे मी चटई ओढत असे. आमच्या देवळाच्या मंडळीतली सिफोरा आडेरो एका शनिवारी बायका आणि शिडी घेऊन आली. कुंपणाबाहेरून दीर ओरडले, "चढू नका गं! झिजून मराल!"

"या अंगावर बसला तर शापच दमेल, भाऊ," सिफोरा वरून म्हणाली. "तुम्ही खिळे तेवढे द्या इकडे."

बायका हसल्या. स्तोत्रे म्हणत त्यांनी दिवस मावळायच्या आत पत्रे ठोकले. कोणी झिजले नाही. सिफोरा तर अंगाने आणखी सुटली. प्रभू भीतीतून सोडवतो हे मी देवळात पुष्कळदा ऐकले होते. त्या दिवशी ते मला माझ्या अंगणात उभी असताना पटले.

२. मासळी वाळवायची जाळी आणि बाजारातली ओट्याची जागा सिफोराला द्यावी. महिला गटातली माझी शिल्लक गटातच राहू द्यावी, आणि जिच्या छपराला कोणी हात लावत नाही अशा बाईसाठी वापरावी.

३. मोठे पातेले सून लिलियन हिला. मला त्याचा उपयोग नाही. एका माणसापुरती मक्याच्या पिठाची उगाली नीट घोटता येत नाही, घोटली तरी गोड लागत नाही.

एलिशाचे घर रस्त्यापलीकडे आहे. मी त्याचा उंबरा कधीच ओलांडलेला नाही. वारस न घेतलेल्या आईने मुलाच्या घरात पाऊल टाकले तर नातवंडे दगावतात, असे त्याला सांगितले गेले आहे. तो रविवारी देवळात माझ्या शेजारी बसतो, एकाच पुस्तकातून गातो आणि फाटकाशी आला की म्हणतो, "आई, जपून जा हं." नातवंडांना मी भाजलेली कणसे कुंपणावरून देते. धाकटीने एकदा विचारले, "आजी, तू आत का नाही येत?" मी म्हटले, "गुडघे दुखतात गं." हे मी रागाने लिहीत नाही. मंडळी रविवारी असते, सिफोरा बुधवारी येते. बाकीचे दिवस मी आणि प्रभू. तो बोलतो कमी.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्यासारखी विधवा मेली की, पुरण्याआधी पैसे देऊन एक परका माणूस आणतात आणि तिच्या मृतदेहाशेजारी झोपवतात, म्हणजे कुळावरचे विघ्न टळते. माझ्या देहाजवळ असा कोणीही माणूस आणू नये. सिफोरा आणि मंडळीतल्या बायकांनी मला आंघोळ घालावी, पांढरा झगा घालावा, रात्र माझ्याजवळ गात काढावी आणि सकाळी घराच्या डाव्या अंगाला पुरावे. मी जिवंतपणी जिची किंमत मोजली, ती मोकळीक मेल्यावर कोणी काढून घेऊ नये.

एलिशा, तुला मुलांसाठी भीती वाटली तर तू फाटकाबाहेर उभा राहा. माती बायका लोटतील. मी तुला शाप देत नाही. माझ्याकडे शापच नाही.

५. हे सगळे पार पाडण्याचे काम पाळक तोबियास ओछोला यांच्यावर सोपवते.

६. नाफ्ताली भावोजींना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि मला त्यांचीच साक्ष हवी आहे, कारण मी मेले की तो माणूस आणायला तेच निघतील. आज मी त्यांना बोलावून चौथे कलम दोनदा वाचून दाखवले.

"वहिनी, सही केली तर कुळातली माणसं मला पंगतीला घेणार नाहीत."

"मग माझ्याकडे या जेवायला."

"तुमची उगाली कच्ची असते असं ऐकलंय." मग त्यांनी मान वर करून पत्र्यांकडे पाहिले. "एकटीनं कसं काढलंत हो इतकं?"

मी पेन पुढे केले.

सही: मिरियम अपोंदी
न्यामागा, ९ मार्च २०१९

साक्षीदार:
१. पाळक तोबियास ओछोला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. नाफ्ताली ओगोला. चौथे कलम मला पटलेले नाही. ऐकले आहे. माणूस आणणार नाही, कोणाला आणू देणार नाही.