अर्धे घर धाकट्या भावाला, विनाअट

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, परवाना कार्यालयातून निवृत्त झालेली चौकशी अधिकारी. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी गळ घातलेली नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. धाकट्या भावाची मुलगी, माझी भाची, हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. बँकेतली शिल्लक तिची. कपाटातल्या माझ्या खासगी वह्यांत तक्रारदारांची नावे आहेत. त्या न उघडता नष्ट कराव्यात. बाळ, तुला मोह होईल. मलाही झाला असता.

२. जेवणाचे टेबल व चार खुर्च्या वाहनचाचणी घेणाऱ्या ‘कडक’ परीक्षकांना द्याव्यात. ते पैसे खातात, अशी तक्रार आली होती. साहेब म्हणाले, “धूर आहे म्हणजे आग असणारच. निलंबित करून टाका.” मी म्हटले, “साहेब, आधी धूर कुठून येतोय ते तर बघू.” जो माणूस दहातल्या आठांना नापास करतो, त्याला पैसे कोण देईल, याचेच मला कुतूहल होते. तीन दिवस मी चाचणीच्या मैदानाकडेला बाकावर बसले. एका मुलीने गाडी मागे घेताना खांब पाडला. कडकांनी तिला नापास केले. पुढच्या आठवड्यात तिने तोच खांब पुन्हा पाडला आणि ती पास झाली. त्या दिवशी परीक्षक होता माझा धाकटा भाऊ.

मी पाहिलेले लिहून दिले आणि चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवली. पास करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या दलालाने तक्रारदाराला परीक्षकाचे चुकीचे नाव सांगितले होते. साहेब तक्रारदारावरच कारवाई करायला निघाले, तेव्हा मी लिहिले: चूक वेगळी, खोटेपणा वेगळा.

कडक निर्दोष ठरले. पण ते चार महिने त्यांच्यासोबत कोणी डबा खाल्ला नाही. चौकशी चालू असताना मला त्यांच्यासोबत जेवायला बसता येत नव्हते. नंतर येत होते, तरी मी बसले नाही. म्हणून टेबल.

३. राहते घर अर्धे भाचीला, अर्धे भावाला. त्याची नोकरी गेली. “ताई, तक्रार कुणी केली तेवढं सांग,” एवढेच त्याने विचारले. मी सांगितले नाही. एकोणीस वर्षे अबोला होता. माझ्या आजाराचे कळल्यावर गेल्या महिन्यात तो आला आणि पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा नाही म्हटले. मग माझा प्रश्न मी विचारला.

“तुला कशाची कमी होती रे? का केलंस?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. “पहिल्या माणसाने पास झाल्यावर खुशीने दिले, ताई. दुसऱ्या वेळी मी वाट बघत बसलो.”

एकतीस वर्षांत शेकडो जबाब घेतले. इतका सरळ जबाब मला कोणी दिला नव्हता. त्याच्या हिश्शाला कोणतीही अट नाही. मला माफ करण्याचीसुद्धा.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
१. (सही) माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई
२. (सही) तळमजल्यावरचे शिंपीकाका

ठिकाण: राहते घर
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा