पूर नियंत्रण आणि रबरी नाव

२ जुलै १९७९
आजपासून पूर नियंत्रण कक्षाचा प्रमुख मी. साहेबांनी खास निवडलं. आधी दोघांनी नकार दिला, हा योगायोग. कक्षात टेबल, फोन आणि सरकारची कोरी रबरी नाव. संकल्प: यंदा नाग नदीकाठच्या वस्तीत एकाही घरात पाणी शिरू द्यायचं नाही.

६ जुलै
वस्तीतल्या प्रयागबाई आल्या होत्या. म्हशी पाळतात, दूध विकतात. म्हणाल्या, नाला गाळानं भरला, पाणी गोठ्यात येऊन राहिलं, तुमी काहून साफ करत नाई? समजावलं, गाळ हे खातं वेगळं. आमच्याकडे फक्त पाणी. बाई हसल्यासारख्या वाटल्या, पण आदरानं.

११ जुलै
अंबाझरी तलावावर नावेचा सराव ठेवला होता. पाऊस आला, रद्द केला. आमची अरुंधती म्हणते, पुराच्या नावेले पाऊस चालत नाई काय? बायकोला ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

१९ जुलै, सकाळ
पहाटेपासून मुसळधार. वस्तीत पाणी. फोन बंद. हरकत नाही, फोनवर मी विसंबून नव्हतोच. नाव घेऊन स्वतः निघतो. अरुंधती म्हणाली, तुमाले पोहता कुठी येते? म्हटलं, अधिकाऱ्याला पोहावं लागत नाही.

१९ जुलै, संध्याकाळ
नाव उत्तम चालली. बाभळीचा काटा लागेपर्यंत. नंतर पाण्यात उभा राहिलो, म्हणजे पाय टेकत नव्हते. बाभळीला मिठी मारून परिस्थितीची पाहणी केली. वस्ती रिकामी! प्रयागबाईंनी सगळ्यांना आधीच शाळेच्या गच्चीवर चढवलेलं. तिथूनच ओरडल्या, साहेब, हलू नका, झाडाले धरून राहा. दोर फेकला. मी कमरेला बांधला, चौघांनी ओढलं. रडलो असं लोक म्हणतात. ते पावसाचं पाणी. बाईंनी गरम दूध पाजलं. दुसरा पेलाही मागून घेतला. थंडी फार.

२० जुलै
अहवाल दिला: कक्षप्रमुख वेळीच घटनास्थळी, जीवितहानी नाही. साहेबांनी विचारलं, नावेनं कोणाला वाचवलं? म्हटलं, नावेचं मूल्यमापन चालू आहे.

२३ जुलै
प्रयागबाई ऑफिसात. सत्काराचं आमंत्रण असणार, म्हणून थेट साहेबांसमोर नेलं. बाई म्हणाल्या, यायले ओढाले म्हशीचा दोर सोडला होता, हे कमरेलेच बांधून घेऊन गेले; म्हैस गावभर मोकाट फिरून राहिली. मी दोर आणून दिला. साहेब खिडकीबाहेर बघत होते, खांदे हलत होते. दारातून बाई वळल्या. म्हणाल्या, पुढच्या पुरात घरीच राहाजा साहेब, आमाले एक माणूस कमी काढा लागन.