जान्हवीचे आठ दात आणि तुमच्या लेकीची तक्रार

।। श्री गणपती प्रसन्न ।।

बदनापूर, सोमवार

राजूर मुक्कामी आमचे व्याही अप्पाराव यांना रामरावाचा रामराम. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या म्हशीला काय सांगायचं असतं ते मला माहीत न्हाई, पण मागच्या खेपेला तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाह्यलं, त्यावरून तिचीही चौकशी केलेली बरी. तुमचा गुडघा कसा आहे? त्या तेलानं काही फरक पडला न्हाई असं कल्याणीकडून कळलं. पडणारच न्हाई. मी तेव्हाच सांगितलं होतं. पण तुम्ही माझं ऐकत न्हाई, तुमची लेकही माझं ऐकत न्हाई, म्हणजे हा गुण कुठून आला ते उघडच आहे. (राग मानू नका. मानलाच तर पत्र पुरतं वाचून मंग माना.)

फोन सोडून हे पत्र कशाला, असं म्हणाल. तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि आपलं बोलणं देवळाच्या रांगेतली माणसं उभ्या-उभ्या ऐकतात. व्हॉट्सॲपचं तर नावच नको. तुमचे निरोप तुमची सून मोठ्यानं वाचून दाखवती आणि अर्ध्या तासात कल्याणीला इकडं सगळं कळतं. ही बाब खाजगी आहे. आमच्या शेजारचा भारत उद्या अंगारकीला तिकडं येऊन राह्यला, त्याच्या हाती बंद पाकीट देऊन राह्यलो. पाकीट उघडलेलं दिसलं तर त्याला चहा देऊ नका.

तर विषय, तुमच्या लेकीविरुद्ध तक्रार. आपली नात जान्हवी, वय साडेचार, महिन्याभरापासून एकाच बाजूनं खाऊ लागली. आधी भाकर सुटली, मंग पोळी सुटली, शेवटी नुसता दूधभात. गालावर हात ठेवून अशी बसायची, जसा काय सगळ्या तालुक्याचा कारभार हिच्याच डोक्यावर. मी म्हणलं, उष्णता. आमच्या उषाबाई म्हणल्या, नजर. केशव म्हणला, बघू. (आमचे हे चिरंजीव, म्हणजे तुमचे जावई, प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतात. रोज जालन्याला ऑफिसला जाऊन-येऊन करतात, त्यात बघायचं राहून जातं.) कल्याणी म्हणली, दात. आणि दातच निघाले. माझी तक्रार इथूनच सुरू होती. तुमची लेक दर वेळी बराबर निघती, आणि माणसाला घरात राहणं अवघड होतं.

जालन्याला दाताच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी पोरीला सांगितलं, चल, आइस्क्रीम खायला जाऊ. कल्याणी म्हणली, बाबा, खोटं सांगू नका. मी म्हणलं, अंकुशनगरला कारखान्याच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली, कुणाला कसं हाताळायचं ते मला कळतं. (लॅबमध्ये माणसं नव्हती, उसाचा रस होता, पण हे तिला तेव्हा सुचलं न्हाई.) जान्हवी मोठ्या खुर्चीत ऐटीत बसली, दिवा पाह्यला, आइस्क्रीम कोणत्या नळीतून येतं त्याची वाट पाह्यली. डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून बोट आत घातलं तेव्हा तिला सगळा डाव कळला आणि तिनं तोंड मिटलं. बोट आतच. बाई भल्या, ओरडल्या न्हाईत, बारीक आवाजात म्हणल्या, "आजोबा, हिला जरा सांगता का?" मी सांगितलं, उपयोग झाला न्हाई. आईनं सांगितलं तेव्हा बोट सुटलं.

बोटाला पट्टी बांधता बांधता बाईंनी सांगितलं, आठ दात किडलेत, त्यातल्या एकाच्या मुळाशी पू आहे. मी म्हणलं, दुधाचेच आहेत, आज ना उद्या पडणार, कशाला एवढा खटाटोप? तर म्हणल्या, दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहतात, तोवर हिला उपाशी ठेवता का? आणि पू खालच्या पक्क्या दातापर्यंत जातो. मंग विचारलं, गोड किती खाती? मी छताच्या पंख्याकडं पाह्यलं. पाव्हणे, साखरेवर माझं घर चाललं, केशवचं शिक्षण झालं, तुमच्या लेकीला पाहायला आल्तो तेव्हा अंगातला सदराही साखरेच्या पगाराचा होता. मी तिच्याविरुद्ध कसा बोलणार? जान्हवी जवळ आली की आधी माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घालायची, आणि तो खिसा मी कधी रिकामा ठेवला न्हाई. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगून राह्यलो.

आता मार्ग दोन. एक, चौघांनी पोरीला धरायचं आणि एकेक दात करायचा, म्हणजे आठ खेपा. दोन, सेडेशन, म्हणजे औषधानं गाढ झोपवून, भूलतज्ज्ञ शेजारी बसवून, एकाच दिवशी सगळं उरकायचं. (नाकावर मास्क लावून गॅस द्यायचाही एक प्रकार असतो, पण तो ऐकणाऱ्या लेकरांसाठी. बाईंनी आपल्या पट्टीकडं पाह्यलं आणि तो विषय सोडून दिला.) सोबत आलेल्या उषाबाईंचा डावा कान बंद आहे आणि उजवा मर्जीनं चालतो. त्यांना तेवढा एकच शब्द ऐकू आला. म्हणल्या, "स्टेशन? दात नीट करायला स्टेशनवर कशाला?" झालं! जान्हवीचं रडं जागच्या जागी थांबलं. गाडी बघणं म्हणजे तिचा जीव की प्राण. घरी येईपर्यंत तिनं गल्लीतल्या सात जणांना सांगितलं की मी स्टेशनला दात नीट करायला जाणार, आणि घरात पाय ठेवताच पिशवीत फ्रॉक, बाहुली नि माझा चष्मा भरून तयार. मी म्हणलं, राहू द्या, लेकरू आयतं राजी झालंय. तुमच्या लेकीला पटलं न्हाई. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं, की औषध देतील, झोप लागेल, झोपेत दात नीट करतील, डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन. जान्हवीनं विचारलं, "आणि स्टेशन?" "स्टेशन न्हाई बाळा." मंग पोरगी तासभर रडली, दातासाठी न्हाई, गाडीसाठी. हसत्या लेकराला खरं सांगून रडवणारी आई तुम्ही दुसरीकडं कुठं पाह्यली का?

आता माझं म्हणणं ऐका. या औषधाला आपण भूल म्हणतो. ज्याचं नावच भूल, ते एवढ्याशा पोरीला मुद्दाम ठरवून द्यायचं? पुंजारामच्या सलूनमध्ये विषय काढला. तो म्हणला, भूल लई बेकार, माझ्या साडूला ऑपरेशनला दिल्ती, दोन दिवस बायकोला ओळखत नव्हता. (मागून कळलं, साडू ऑपरेशनच्या आधीपासूनच ओळख दाखवत नव्हता.) पण ऐकलेलं मनात बसायचं ते बसलं. पोरगी झोपली आणि उठलीच न्हाई तर? हे मी कुणाला बोललो न्हाई. तोंडानं म्हणलं, धरून करू, आमच्या काळी सगळं धरूनच व्हायचं.

आणि कालच्या न्हाई, त्याच्या आधीच्या रविवारी त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं. फक्त बॅटरी लावून तोंडात बघायचं, बस. पाय केशवकडं, हात उषाबाईंकडं, डोकं माझ्याकडं. कल्याणी हाताची घडी घालून दारात उभी, बिलकुल सामील झाली न्हाई. अडीच मिनिटांत केशवचा चष्मा अंगणात, उषाबाईंच्या दोन बांगड्या वाढल्या, आणि माझ्या नाकावर पोरीचं डोकं असं बसलं की मला दिवसा चांदण्या दिसल्या. इथपर्यंत हसा. पुढं हसू नका. जान्हवी दमली, ओरडायची थांबली, माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "आजोबा, तुम्ही तरी सोडा ना." माझे हात आपोआप सुटले. असं आठ वेळा करायचं? मला तर एकदाही जमलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचं काम आहे असं सांगून एकटाच जालन्याला गेल्तो, त्या भूलतज्ज्ञाकडं. कागदावर चौदा प्रश्न लिहून नेल्ते. पोरगा केशवच्या वयाचा, पण बघू म्हणणारा न्हाई. वजन किती, खोकला आहे का, आधी किती तास उपाशी ठेवायचं, सर्दी झाली तर तारीख पुढं ढकलायची, कोणतं यंत्र काय मोजतं, सगळं समजावून सांगितलं. म्हणला, धोका शून्य असं मी म्हणणार न्हाई, पण फार कमी आहे, आणि जो आहे त्याची तयारी आहे. मी शेवटचा प्रश्न विचारला, त्या वेळात तुम्ही स्वतः काय करता? तो म्हणला, "दात मॅडम बघतील. मी फक्त तिचा श्वास बघत बसणार. दुसरं काहीच न्हाई." मी कागद घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत आलो तर मागून म्हणला, "काका, परवा एक ताई हेच सगळं विचारून गेल्या. त्यांचे प्रश्न एकोणीस होते."

आता तुम्हीच सांगा, या बाईपुढं सासऱ्यानं काय करायचं? माझं ऐकायचं न्हाई, माझ्या आधी जाऊन यायचं, आणि वर माझ्यापेक्षा पाच प्रश्न जादा विचारायचे! वडील म्हणून तुम्ही तिला योग्य ती समज द्यावी. पत्रात कमीजास्त लिहिलं असेल तर उषाबाई शेजारी बसून मोठ्यानं तांदूळ निवडून राह्यल्या, त्याचा दोष समजावा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
रामराव

ता. क. : तक्रार एवढी लांबलचक लिहिली खरी, पण फॉर्मवर सह्या होऊन गेल्या. केशवनं बघू म्हणत म्हणत केली, कल्याणीनं केली. आजोबाच्या सहीला तिथं जागाच नसती. मी समासात केली, तारखेसकट. येत्या शुक्रवारी सकाळी साडेआठला न्यायचं आहे.

ता. क. दुसरा : खरं काम हे आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही इकडं या. जान्हवीसाठी न्हाई, तिला आम्ही आहोत. कल्याणीसाठी या. आम्हा सगळ्यांना ती एकटी पुरून उरली, कुणापुढं डगमगली न्हाई. पण परवा न्हाणीघरात नळ पुरता सोडून रडत होती. लग्नात मी तुमचा हात धरून म्हणलो होतो की लेक म्हणून सांभाळीन, आणि सांभाळतोही. पण शुक्रवारी दवाखान्यातल्या बंद दाराबाहेर बसायची वेळ आली की तिथं सासरा पुरत न्हाई, बाप लागतो. ती तुम्हाला बोलावणार न्हाई, तुमच्या गुडघ्याचं कारण सांगेल. मी लिहिलं हे बिलकुल सांगू नका. इथल्या कडधान्य संशोधन केंद्रात तुरीच्या बियाण्याची चौकशी करायला आलो म्हणा, पण तुरीचा हंगाम कोणता ते नीट ध्यानात ठेवून म्हणा, ती पकडती.

ता. क. तिसरा : नळाच्या आवाजात ती रडत होती हे मला कसं कळलं, असं विहीणबाई नक्की विचारतील. नळ सोडून बसायला मीच तिकडं गेल्तो, तर दार आतून लावलेलं होतं.