दारावर न लागलेला कागद

बिबवेवाडी, पुणे
सोमवार

प्रिय समाधान,

जय भीम. चौकातला फ्लेक्स पाहिला. भाजी आणायला गेले, तर रिक्षा स्टँडच्या डोक्यावर मीच हसत उभी! ‘आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक, निवृत्त उपजिल्हाधिकारी मा. शर्मिलाताई यांचा भव्य सत्कार.’ येत्या रविवारी, सदाशिव पेठेतल्या सभागृहात. शाल, श्रीफळ आणि अल्पोपाहार. भाजीवाल्याने कौतुकाने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. ती घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवसांत तुला सहा फोन केले, एकही उचलला नाहीस. माझा फोटो छापून आणायला मात्र तुला वेळ मिळाला.

एस्थरचं पत्र मला आलं तसं तुलाही आलं आहे, हे मला माहीत आहे. पत्त्यांच्या जागी दोघांची नावं आहेत. तरी तू विसरला असशील तर सांगते. आफ्रिकेतल्या त्या देशाचं नाव लिहीत नाही, खटला चालू आहे. आपण दोघं निरीक्षक म्हणून ज्या शाळेत दिवसभर बसलो, तिथली ही मतदान केंद्राध्यक्ष. चौथीच्या वर्गाची बाई. उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना वर्गातली बाकं काढून देणारी. दुपारी तिने आपल्याला उकडलेल्या शेंगा दिल्या आणि तू म्हणालास, मीठ अगदी आपल्याकडच्यासारखं पडलंय. आता तिची नोकरी गेली आहे आणि तिच्यावर खोटा निकाल तयार केल्याचा गुन्हा आहे. सुनावणी पुढच्या गुरुवारी. शिक्षा झाली तर सात वर्षं. तिची धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे.

मला राग कशाचा येतो सांगू? आपल्या पथकाच्या अहवालाचा. ‘मतदान एकंदरीत शांततापूर्ण व विश्वासार्ह.’ शांततापूर्ण होतंच की! लेकरं पाठीला बांधून बायका पहाटेपासून रांगेत होत्या, कुणी कुणाला धक्का दिला नाही. माझी आई, सुंदराबाई, मतदानाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि शाईचं बोट संध्याकाळपर्यंत वस्तीभर दाखवत हिंडायची. त्या बायकांकडे बघून मला सारखी तिची आठवण येत होती. त्या लोकांनी आपलं काम चोख केलं. ज्यांना विमानाचं तिकीट देऊन नुसतं बघायला बोलावलं होतं, त्यांनी तेवढंही केलं नाही.

मोजणी आपल्या डोळ्यांसमोर झाली. एस्थर एकेक मतपत्रिका वर धरून दाखवायची, पोरांना अक्षर दाखवावं तशी. एकूण मतं चारशे शहाऐंशी. माझ्या डायरीत लिहिलेली आहेत. जाहीर झाली सातशे एकतीस. आपण निघाल्यावर जिल्ह्याचा अधिकारी आला, तिच्या हातातून निकालपत्रक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेगळाच कागद पुढे आला. ती बोलली, म्हणून तीच खोटी ठरली. आणि सरकारी वकिलाने तिच्याविरुद्ध काय दाखल केलंय? आपला फॉर्म. ‘निकालपत्रक केंद्राच्या दारावर लावलेलं पाहिलं का?’ पुढे ‘हो’वर खूण, खाली आपल्या दोघांच्या सह्या. दोन परदेशी निरीक्षकांनी दारावर कागद पाहिला, म्हणजे सरकारी कागद खरा, असं ते म्हणतात.

आपण दारावर काहीही पाहिलेलं नाही, समाधान. तिने पेटीला सील केलं, प्रतिनिधींच्या सह्या झाल्या आणि आपण उठलो. आपल्याकडे सील झालं की केंद्रावरचं काम संपलं. पुढे यंत्र जाईल, स्ट्राँगरूम होईल, मोजणी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. अंगवळणी पडलेलं. तिथे मोजणी केंद्रावरच होते आणि तो दारावरचा कागदच सगळ्यात मोठा राखणदार असतो, हे प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं. ती कागद चिकटवायला हातात खळीचा डबा घेऊन उभी होती. बाहेर आपल्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फॉर्म गाडीत भरला.

पथकाच्या कार्यालयाला मी लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. एका केंद्रासाठी संपूर्ण अहवालावर शिंतोडे उडू नयेत. शिवाय निरीक्षक जोडीने काम करतात, त्यामुळे दुरुस्ती दोघांच्या सहीनेच होते. मी तुला कळवलं, तर तुझा दोन ओळींचा मेसेज. ‘मॅडम, तुमचं नाव खराब होईल असं काही मी करणार नाही.’ आणि त्यानंतर हा फ्लेक्स! तू माझ्या हाताखाली नायब तहसीलदार होतास तेव्हापासून मला जपत आलास. पण एक बाई तुरुंगात जाऊ घातली आहे आणि तू माझ्या नावाला इस्त्री करत बसलायस?

सत्काराला येणार नाही, एवढंच लिहायला बसले होते. पण खरं कारण लिहिल्याशिवाय पत्र संपणार नाही, आणि ते तुलाही ठाऊक आहे. त्या संध्याकाळी तू मला थांबवलं होतंस. मॅडम, कागद लागू दे, पाच मिनिटं लागतील, असं म्हणाला होतास. मी म्हटलं, तीस वर्षं निवडणुका घेतल्यात मी, मला शिकवू नकोस. गाडीत ‘हो’वर खूण मी केली. तू पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिलास आणि मग केवळ माझ्याकडे बघून सही केलीस. हे सगळं मी एका कागदावर जसंच्या तसं लिहिलं आहे, डायरीच्या पानाची प्रत जोडली आहे आणि खाली सही केली आहे. शेजारी तुझी जागा रिकामी आहे. माझी चूक खरी आहे, अशी तुला तिथे सही करायची आहे. तर मी रविवारी येते. माणसं बोलावलीच आहेस तर ती असू देत, त्यांच्यासमोर तो कागद मी आधी वाचेन. शाल-श्रीफळ आणू नकोस. पेन आण.

जिचं तू तेवढं एकदा ऐकायला नको होतंस, ती तुझीच

शर्मिलाताई