स्क्रूचा अर्धा फेरा

५ एप्रिल १९८३, मंगळवार

अपघातातली ऑस्टिन गाडी आज घरी आली. बैलजोडीनं ओढत! पोलिसांनी अठरा दिवस ठाण्यात ठेवली, मग म्हणाले, जागा नाही, तुमच्याकडेच राहू द्या, आरटीओचे साहेब येऊन तपासतील. कधी येतील? फाईल उस्मानाबादेत आहे का लातुरात, तेच त्यांना माहीत नाही. जिल्हा नवा झाल्यापासून निम्मे कागद वाटेतच असतात.

बंपर आत गेला आहे. डाव्या बाजूची काच नाही. अण्णा तिथंच बसले होते. एकच भाऊ होता मला.

शांतम्मा वहिनी बाहेर आल्या नाहीत. पाण्याचा टँकर आला तेव्हाही नाही. शेजारणीनं आमच्या घागरी भरून दिल्या.

७ एप्रिल

पंढरीची बायको सरजाबाई आली होती. देवणीजवळच्या त्यांच्या गावाहून, बसला पैसे नाहीत म्हणून पायी. पंढरी आमच्याकडे अकरा वर्षं ड्रायव्हर. जामिनावर सुटला आहे, पण घराबाहेर पडत नाही म्हणाली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"धाकले मालक, लोक म्हणायलेत, पिऊन व्हता. तुमी सांगा, कवा प्याला त्यो?"

मी म्हणालो, कधीच नाही.

"मंग हे मला कशाला सांगता? ठाण्यात सांगा की!"

वहिनी आतून म्हणाल्या, "बास झालं गं. आमचं माणूस गेलं. तुझं तर घरात हाय."

सरजाबाई निघून गेली. एवढ्या उन्हात आली, आणि आम्ही पाणीसुद्धा विचारलं नाही!

८ एप्रिल

पंढरीचा जबाब मला तोंडपाठ झाला आहे. चारा छावणीला निघालेली जनावरं रस्ताभर होती. त्यानं गाडी डावीकडे कापली. "सरळ कराया गेलो तर स्टेअरिंग वापस आलंच न्हाई, साहेब. आखडलं." पुलाला कठडा नव्हता. गाडी कोरड्या नाल्यात गेली.

ठाण्यात सगळे हसले. कारण अख्ख्या उदगीरला माहीत — ईश्वरप्पा अण्णांच्या गाडीचं स्टेअरिंग सैल! चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. मोंढ्यात लोक अण्णांना चिडवायचे, "गाडी चालवायलेत का ताक घुसळायलेत?" सैल स्टेअरिंग आखडेल कसं? पंढरी खोटारडा ठरला.

पण त्या दिवशी ते सैल नव्हतं. पाच दिवस आधी, रविवारी, मी ते आवळलं होतं. पंढरी तेव्हा रजेवर होता. शुक्रवारी आला आणि थेट गाडी काढली. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

हे फक्त अण्णांना माहीत होतं.

१० एप्रिल, रविवार

लिहून टाकतो. अण्णा म्हणाले होते, "गफूर मिस्त्रीकडं कशाला? घरात नांदेडचा डिप्लोमावाला हाय की!" मला बरं वाटलं. ते कधी माझं कौतुक करत नसत.

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. मोटारीचं पुस्तकात वाचलं तेवढंच — स्टेअरिंग सैल म्हणजे त्याच्या खालची गिअरची पेटी झिजली. पेटीवर एक स्क्रू असतो. त्याला अर्धा फेरा दिला. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग हलवून पाहिलं, सैलपणा बराचसा गेलेला! गाडी बाहेर काढून एकदा वळवून पाहायची होती. नाही पाहिली.

११ एप्रिल

गफूर मिस्त्रीकडे गेलो. आमच्या ऑफिसच्या जीपचं आहे असं खोटंच सांगितलं.

"ढीला है बोले तो पहले पेटी कू हात नक्को लगाओ, साब. एकानं वर बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली पडून एकेक सांध्याला हात लावून बघायचं. अकेले का काम नहीं है ये."

मी तर ते एकट्यानंच केलं होतं. मला कुणाला हाक मारायची सवयच नाही.

विचारलं, आणि थेट स्क्रूच आवळला तर?

"पेटी बीच में घिसती. कायको? गाडी सीधीच ज्यादा चलती ना! बीच का ढीला निकालने गए तो बाजू में जाके फसती." मग हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "जीपच है ना, साब?"

हो म्हणालो.

१७ एप्रिल, रविवार

आज वहिनी माहेरी गेल्या होत्या. पुढची चाकं जॅकवर उचलली.

आशा एकच होती. धडकेनं चाकांकडे जाणाऱ्या दांड्या वाकल्या असतील, त्यामुळं अडकत असेल. म्हणून पेटीपासून दांडी सोडवली. आता नुसती पेटी उरली. स्टेअरिंग सरळ धरलं — हलकं. उजवीकडे — जरा जड. डावीकडे पाऊण फेरा — अडकलं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. मोकळं! पुन्हा आवळला. अडकलं. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

सोडवलेल्या दांडीचा सांधा हातात घेऊन हलवला. खुळखुळ वाजला. इतकी वर्षं सैलपणा तिथंही होता — नुसत्या पेटीत नाही.

सगळं परत जोडलं. मग पान्हा हातात धरून बसून राहिलो. स्क्रू मागे घेऊन ठेवला तर कुणाला कधीच कळणार नाही. आवळलेलाच ठेवला. उद्याही ठेवेन का, सांगता येत नाही.

१८ एप्रिल

निरोप आला. आरटीओचे साहेब बुधवारी येणार.

१९ एप्रिल

दोनदा गाडीपाशी जाऊन आलो. दोन्ही वेळा पान्हा खिशात होता.

अण्णांना आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून शेतात माती दिली, तो दिवस आठवला. वर शिंपडायला पाणी नव्हतं. विहिरीला तळ लागलेला. पंढरी डोक्याला पट्टी बांधून तसाच गेला आणि कुठूनशी एक कळशी घेऊन आला. कळशी माझ्या हातात दिली. मग त्याला न्यायला आलेल्या हवालदाराला म्हणाला, "चला."

२० एप्रिल, बुधवार

सकाळी वहिनींना सगळं सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला ठावं हाय, भावजी. त्याच दिशी यांनी सांगितलं व्हतं. बसवराजनं गाडी नीट केली म्हणून लई खुशीत व्हते." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "पंढरी काय, वर्षभरात सुटंल. तुमची नोकरी गेली तर ह्या घराला कोण हाय? गप ऱ्हावा."

साहेब अकराला आले. मी त्यांना स्क्रू दाखवला. माझं नाव लिहून घ्या म्हणालो.

घराच्या दाराला आतून कडी लागली.